चिऱ्याच्या संरक्षक भिंतीच्या वरच्या अंगाला कोणती झाडं लावावीत, किती अंतरावर?

तुम्ही लिहिलंय की चिपळूणकडे उतारावर घर आहे, मागे सहा फुटी चिऱ्याची भिंत आहे आणि तिच्या वरच्या अंगाला हापूसचं एक कलम, एक गुलमोहर नि थोडी फुलझाडं लावायची आहेत.

मी दापोली तालुक्यातला, घर असंच उतारावर. म्हणून आधी पाण्याचं विचारतो: भिंतीला पाणी जायला भोकं ठेवलीत का, आणि पावसात ती वाहतात का? भिंत पडली की आपण मुळांना दोष देतो, पण आमच्या भागात भिंती बहुतेक मागे तुंबलेल्या पाण्यानेच ढासळतात. सहा फूट पाणी साचलं तर दर मीटर लांबीला दीड टनाहून जास्त रेटा बसतो, मातीचा वेगळाच. तेव्हा भिंतीलगत आळं अजिबात नको.

कलमाला आळं लागणारच, म्हणून ते निदान वीस फूट मागे घ्या. बागेत दोन कलमांत दहा मीटर सोडायची पद्धत आहे, त्यावरून घेराचा अंदाज येईल. गुलमोहराचा नाद सोडा. मुळं वरवर पसरतात, लाकूड ठिसूळ. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्याकडे जुनी आंब्याची झाडंही उन्मळून पडली. असं झाड भिंतीला खेटून असेल तर मुळांच्या गड्ड्याबरोबर भिंतीचे वरचे थर उचकटूनच निघतात. बांबू आणि रबराचं झाडही नको.

काठाला वाळा लावा. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ दोन-तीन मीटर खाली जातात आणि माती धरून ठेवतात. मृगाच्या पावसात पाच-सहा इंचांवर ठोंब टोचायचे, बस. त्यामागे दोन-तीन फूट सोडून अबोली, तगर, जास्वंद, अडुळसा काहीही चालेल. अडुळशाला गुरं तोंड लावत नाहीत, गडग्याकडेला तो उगाच नाही लावत!

श्रावणात एकदा भिंतीवर नजर फिरवा. पाखरांच्या विष्ठेतून सांध्यात उंबर-पिंपळ उगवतात. बोटभर असतानाच मुळासकट काढा, नुसते छाटले तर परत फुटतात.

आणि भिंतीने आत्ताच कुठे पोट काढलं असेल, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय वर एकही खड्डा खणू नका.