थोरोचे 'केप कॉड' पहिल्याच प्रकरणानंतर मिटून ठेवावे का?

आपला प्रश्न असा आहे, की समुद्रकिनाऱ्यावरचे अभिजात निसर्गलेखन वाचावे म्हणून अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरोचे 'केप कॉड' हाती घेतले, तर पहिल्याच प्रकरणात फुटलेले जहाज आणि प्रेते समोर आली. याला निसर्गलेखन कसे म्हणायचे, आणि पुढे वाचावे का? पुढे अवश्य वाचावे, असे माझे मत आहे. पहिले प्रकरण तर मुळीच वगळू नये, कारण समुद्राकडे कोणत्या नजरेने पाहायचे हे पुस्तकात तिथेच ठरते.

थोरो १८४९ च्या ऑक्टोबरमध्ये मित्र एलरी चॅनिंगबरोबर अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील केप कॉड या द्वीपकल्पाकडे निघाला, तेव्हा वादळामुळे तिथल्या प्रॉव्हिन्सटाउनची आगबोट आलेली नव्हती आणि बोस्टनच्या रस्त्यांवर १४५ जण बुडाल्याची पत्रके लागली होती. आयर्लंडमधील गॉलवेहून स्थलांतरितांना घेऊन आलेले 'सेंट जॉन' हे जहाज कोहॅसेटच्या खडकांवर आपटून फुटले होते. ते दोघे मुद्दाम त्या वाटेने गेले. तिथे थोरोने पाहिलेली एक गोष्ट माझ्या मनातून कधीच गेली नाही: त्या गर्दीतच काही माणसे वादळाने बाहेर फेकलेले समुद्रशेवाळ गाड्यांत भरत होती आणि त्यात गुंतलेल्या कपड्यांच्या चिंध्या वेगळ्या काढत होती. शेवाळाखाली एखादे प्रेत निघण्याचीही शक्यता होती, पण शेवाळ हे शेतासाठी उत्तम खत, त्यामुळे काम थांबले नव्हते. थोरो त्या माणसांना दोष देत नाही आणि समुद्रालाही देत नाही. ही नजर एकदा पटली, की पुढे वाळू, वारा आणि पक्षी यांची वर्णने येतात तेव्हा त्यांत खोटा गोडवा का नाही, हे आपोआप समजते.

मीही पहिल्या वाचनात हे पुस्तक अर्धवट सोडले होते, पण त्याचे कारण वेगळे होते. नॉसेटच्या माळरानाच्या प्रकरणात जुन्या धर्मोपदेशकांची आणि शेवटी प्रॉव्हिन्सटाउनच्या प्रकरणात आद्य दर्यावर्दींची माहिती इतकी लांबते, की चालणारा थोरो दिसेनासा होतो. ती पाने पहिल्या वाचनात खुशाल उलटावीत. मात्र वेलफ्लीटच्या कालवे काढणाऱ्या म्हाताऱ्याचे प्रकरण सावकाश वाचावे. त्याच्या घरी रात्र काढताना, किनाऱ्यावर भाजून खाल्लेल्या मोठ्या शिंपल्याचा कोणता भाग खायचा नसतो हे थोरोला म्हाताऱ्याकडून कळते, आणि नंतर त्याची प्रकृती बिघडते. बुडणाऱ्या खलाशांसाठी किनाऱ्यावर बांधलेल्या आसऱ्याच्या खोपटात दाराच्या भोकातून डोकावण्याचा प्रसंगही असाच आहे. अंधाराला डोळा सरावेपर्यंत थोरो तसाच थांबतो, आणि मग त्याला दिसतात ते थोडे दगड, लोकरीचे पुंजके आणि रिकामी चूल. गारठलेल्या माणसाला ऊब मिळेल असे तिथे काहीच नसते.

थोरोचे मोजमापाचे वेड मला फार प्रिय आहे. हायलँडच्या दीपस्तंभाजवळ एका सुताराची हत्यारे उसनी घेऊन, छपराच्या फळीला टाचण्या लावून त्याने कोन मोजण्याचे साधन केले, कॉड मासे धरण्याच्या दोन दोऱ्यांनी उताराची लांबी घेतली, आणि समोरचा कडा पायथ्यापासून ११० फूट उंच असल्याचे काढले. तो कडा ढासळतो आहे, याचीही नोंद त्याने केली. पुढे १८५७ मध्ये तिथे बांधलेला नवा दीपस्तंभ १९९६ मध्ये सुमारे ४५० फूट आत सरकवावा लागला. थोरो १८६२ मध्ये वारला आणि पुस्तक १८६५ मध्ये निघाले.

थोरो मागाहून पुन्हा तिथे गेला खरा, पण प्रत्येक वेळी पाहुणा म्हणूनच. मुक्काम ठोकून लिहिलेला किनारा वाचायचा असेल, तर त्याच्या मागोमाग हेन्री बेस्टनचे 'द आउटरमोस्ट हाउस' (१९२८) घ्यावे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवलेल्या या लेखकाने १९२५ मध्ये ईस्टहॅमच्या वाळूच्या टेकडीवर २० फूट लांब, १६ फूट रुंद असे दोन खोल्यांचे घर बांधून घेतले. पुढच्या सप्टेंबरमध्ये तो पंधरा दिवसांसाठी गेला आणि वर्षभर राहिला. त्यामुळे थोरोला जे सापडणे शक्य नव्हते ते त्याला सापडते: लाटेच्या एकाच आवाजात मिसळलेले फुटण्याचे, घसरण्याचे, सळसळण्याचे वेगळे आवाज, किनारपक्ष्यांचा सबंध थवा एका क्षणात वळतो ते कोडे, आणि रात्री कंदील घेऊन वाळूतून गस्त घालणारे, थंडीत त्याच्याकडे कॉफीला थांबणारे तटरक्षक. लाटेवरचे त्याचे प्रकरण मोठ्याने वाचून पाहावे, वाक्यांची लांबी लाटेप्रमाणे कमीजास्त होते. प्राणी म्हणजे माणसाची अपुरी आवृत्ती नव्हे, हे त्याचे प्रसिद्ध प्रतिपादनही याच पुस्तकात आहे, आणि ते वर्षभर पक्षी पाहिलेल्या माणसाचे असल्यामुळे मला पटते.

ते घर आज नाही. फेब्रुवारी १९७८ च्या हिमवादळात समुद्राने ते नेले. भोवतालचा किनारा मात्र १९६१ पासून राष्ट्रीय संरक्षित किनारा म्हणून राखला आहे.

तेव्हा आज 'जहाजफुटी' हे पहिले प्रकरण पुन्हा एकदा वाचा, उद्या थेट वेलफ्लीटच्या म्हाताऱ्याकडे जा, आणि तिथून दीपस्तंभाच्या प्रकरणापर्यंत पोहोचलात की बेस्टन उघडा. थोरोची वगळलेली पाने बेस्टननंतर वाचली तर जड जात नाहीत, असा माझा अनुभव आहे.