नव्या संज्ञांच्या मागणीचं सॉफ्टवेअर: आधी शोध, मग फॉर्म

ऑन्टॉलॉजीत, म्हणजे एकमेकींशी जोडलेल्या संज्ञांच्या श्रेणीबद्ध कोशात, नवी संज्ञा मागण्यासाठी तू केलेला फॉर्म पाहिला. नीटनेटका आहे, पण सुरुवात तिथून करू नकोस. क्युरेटर, म्हणजे शोधनिबंधांतली माहिती संज्ञांना जोडून नोंदवणारा माणूस, येतो तेव्हा शोधनिबंध उघडा असतो आणि एका संज्ञेवाचून त्याचं काम अडलेलं असतं. त्याला आधी शोध दे, समानार्थी नावांसकट. हवी ती संज्ञा बऱ्याचदा वेगळ्या नावाने आधीच नोंदलेली असते.

जीन ऑन्टॉलॉजीसाठी, म्हणजे जनुकांच्या कामांविषयीच्या संज्ञांच्या कोशासाठी, बनवलेलं टर्मजिनी हे नव्या संज्ञा तयार करणारं साधन बारकाईने अभ्यास. तिथे मुख्य भर साच्यांवर होता. 'अमुक प्रक्रियेचं नियमन' हा साचा निवडून प्रक्रिया सांगितली, की नाव, व्याख्या, तार्किक सूत्र आपोआप तयार. मग रीझनर, म्हणजे तार्किक निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम, विसंगती तपासणार आणि संज्ञेची जागा ठरवणार. काही मिनिटांत आयडी हातात! शेवटी संपादकाची नजर फिरायचीच, आणि ती हवीच. पालकसंज्ञा, म्हणजे वरची व्यापक संज्ञा, चुकली तर त्या संज्ञेवरची प्रत्येक नोंद वरपर्यंत चुकीच्या फांदीवर मोजली जाते.

साच्यात न बसणारी मागणी सरळ गिटहब या साइटवर इश्यू, म्हणजे चर्चेसाठीची नोंद, म्हणून जाऊ दे. व्याख्या, सुचवलेली पालकसंज्ञा, पबमेड क्रमांक (शोधनिबंधाचा) आणि ऑर्किड (मागणी करणाऱ्याचा संशोधक-ओळखक्रमांक) एवढं सक्तीचं ठेव. बाकी रकाने कोणी भरत नाही.

तात्पुरते आयडी देणार असशील तर कायमचा आयडी मिळताच जुन्या नोंदी आपोआप बदलल्या पाहिजेत. मागणी नाकारली तर कारणासोबत पर्यायी संज्ञाही दाखव, नाहीतर तोच माणूस तीच मागणी पुन्हा पाठवेल.