सिझेरियननंतर सिस्टर दर पंधरा मिनिटांनी येऊन पोट दाबते, झोपू देत नाही. हे खरंच लागतं का? नको म्हणता येतं का?

प्रश्न वाचून आधी चिडलेच, मग शांतपणे परत वाचला. "बायकोला नुकता डोळा लागला होता तरी उठवलं" असं तुम्ही लिहिलंय ना, तिथे अडकले. अठरा वर्षं पोस्ट-ऑपला, म्हणजे ऑपरेशननंतरच्या वॉर्डात, सिस्टर म्हणून काढलीत, हे वाक्य कितीदा ऐकलंय त्याला गणती नाही.

एक रात्र सांगते. सिझेरियन होऊन दोन तास झालेली पहिलटकरीण, गाढ झोपलेली. बीपी 110/70, पॅडवर अगदी थोडं. सासूबाईंनी मला दारातच अडवलं, आत्ता कुठे झोपलीय, नंतर या. आमच्या इनचार्ज सिस्टरांचंही तेच, झोपलेल्या पेशंटला उठवायचं नाही, चार्टवर 'शांत झोपली आहे' लिहायचं की झालं. मीही तेच करणार होते, खोटं कशाला बोलू. पण सहज मनगट धरलं तर पल्स 118, आणि आधीच्या दोन नोंदी 84 आणि 98.

मग कोण ऐकतंय. उठवलं, पोटावर हात ठेवला तर गर्भाची पिशवी बेंबीच्या वर चढलेली, उजवीकडे कललेली आणि ओल्या स्पंजासारखी मऊ. नीट आकसलेली पिशवी कडक चेंडूसारखी हाताला लागते, हे आमच्या बोटांना झोपेतही कळतं. कुशीवर वळवलं तर खालची ड्रॉशीट, म्हणजे अंगाखालची आडवी चादर, कमरेपर्यंत भिजलेली. पुढून पॅड जवळपास कोरडं, कारण उताण्या बाईचं रक्त मागेच वाहणार ना! युरीन बॅगेत दीड तासात जेमतेम 20 मिली, खरं तर तासाला 30 तरी यायला हवी, आणि नळी तिच्याच मांडीखाली दुमडलेली. लघवी तुंबली की मूत्राशय फुगतं, पिशवीला वर ढकलतं, आकसू देत नाही, आणि पिशवी आकसली नाही की आतल्या रक्तवाहिन्या उघड्याच राहतात.

नळी सरळ केली, 600 मिली आली. मी पिशवी चोळत राहिले, ज्युनियरला डॉक्टरांकडे पिटाळलं, पिशवी आकसवणारं औषध, ऑक्सिटोसिन, सुरू झालं, आणि दहाएक मिनिटांनी हाताखाली ती हळूहळू टणक व्हायला लागली तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. ड्रॉशीट आणि पॅड काट्यावर ठेवले, कोरडं वजन वजा केलं, 850 ग्रॅम. रक्ताचा एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली धरा, आणि ऑपरेशनमध्ये गेलं ते वेगळंच. नुसतं बघून मी 300 म्हटलं असतं.

सकाळी इनचार्जचा पहिला प्रश्न काय, तर नळी दबली कुणाच्या ड्युटीत? माझ्याच. हँडओव्हर घेताना बॅग बघितली, नळीवरून हात फिरवला नाही, ते आजही बोचतं. पण 'उठवायचं नाही' या नियमाबद्दल बाईंनी एक अवाक्षर काढलं नाही. वर "बीपी तर नॉर्मल होतं." अहो, तरण्या बाईचं बीपी बरंच रक्त जाईपर्यंत टिकून राहतं, आधी पल्स पळते! झोपलेली आणि ग्लानीत गेलेली, दोघी लांबून सारख्याच दिसतात. बाई रिटायर झाल्या, मान्य काही केलं नाही.

तर हो, लागतं. पहिला तास-दोन तास दर पंधरा मिनिटांनी, मग अंतर वाढत जातं, प्रत्येक हॉस्पिटलचं थोडं वेगळं असतं. नको म्हणता येतं, पेशंटचा हक्क आहे तो, पण म्हणू नका. दुखतंय म्हणून आधी पेनकिलर मागा, ते जरूर मागा. आणि हेही खरं की काही जणी फार धसमुसळेपणा करतात. एक हात ओटीपोटावर खालून आधाराला ठेवून दुसऱ्याने दाबायचं असतं, टाक्यांवर नाही. तसं होत नसेल तर तिथल्या तिथे बोला. हे सगळं सिझेरियनचं बरं का, पिशवी काढलेल्या बाईचं असं पोट दाबायचं नसतं, तिथे पॅड, लघवी, पोटऱ्या बघायच्या आणि लवकर चालवायचं.

वॉर्डात आल्यावरही तासाभरात अख्खं पॅड भिजलं, किंवा चक्कर, घाम, धडधड सुरू झाली, तर बेल दाबा, राउंडची वाट बघू नका. आणि भांडायचंच असेल तर सिस्टरने कुशीवर वळवून पाठीखाली हात घालून बघितलं का, यावरून भांडा.