जुन्या रेकॉर्ड विकायच्या असतील तर

पहिली गोष्ट, गाण्याच्या रेकॉर्डला ‘मिंट’, म्हणजे अगदी नवीकोरी, हा दर्जा देणं बाजूला ठेवा. वापरलेल्या मालात ‘निअर मिंट’, म्हणजे जवळजवळ नवी, हीच वरची पायरी, आणि तीही क्वचितच द्यावी.

खोलीतल्या साध्या उजेडात सगळ्याच रेकॉर्ड छान दिसतात. प्रखर दिव्याखाली तिरपी धरून सावकाश फिरवा, बारीक चरेही उमटून दिसतील. नखाला जाणवणारा चरा असेल तर ती बाजू वाजवूनच पाहा. ३३⅓ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे घेणाऱ्या रेकॉर्डवर आडवा चरा दर १.८ सेकंदांनी टक् करतो. कुठल्या गाण्यात आणि किती वेळ, हे वर्णनात लिहा. उलट, झिजलेल्या सुईवर वाजत राहिलेली रेकॉर्ड चकचकीत दिसूनही खरखरते. म्हणून नुसतं पाहून दर्जा ठरवला असेल तर तसं सांगाच. दोन दर्जांत मन अडकलं की खालचा द्या. घेणारा ती न ऐकता पैसे मोजतोय, त्याच्या विश्वासाची किंमत फार मोठी आहे.

कव्हरचा दर्जा वेगळा लिहायचा. आवृत्ती ओळखताना कव्हरवरच्या सालावर विसंबू नका, पुनर्मुद्रणांवरही बरेचदा जुनंच साल असतं. लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे रेकॉर्ड ज्या साच्यातून निघाली त्याची खूण, वाचा. भाव ठरवताना इतरांनी मागितलेला आकडा नको, प्रत्यक्ष विक्री झालेला बघा.

पाठवताना रेकॉर्ड आतल्या पाकिटासह कव्हरबाहेर काढून कव्हरच्या मागे ठेवा, नाहीतर प्रवासातल्या धक्क्यांनी कव्हरची कड फाटते. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा हवाच.