क्लच फ्लुइड काळं पडलंय, चोर्ला घाटात गियर अडकायलाय, काय करू?
घाबरू नका हो, क्लच फ्लुइड म्हणजे पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारं तेल, बॉनेटखालच्या त्याच्या डबीचं टोपण उघडून बगा पहिलं, काळं म्हणजे आतलं रबर झिजून न् घाण मिसळून झालेलं असतंय, वर हे फ्लुइड हवेतलं पाणी ओढतंय, चढाला गरम झालं की वाफ होते न् पेडल खालीच राहतंय, मीपण पणजीला जाताना हेच भोगलोय. सिरिंजनं जुनं ओढा, टोपणावर लिहिलेलंच, बहुतेक डॉट ४ (फ्लुइडचा दर्जा), सीलबंद बाटलीतलं भरा, पेडल २०-३० वेळा मारा, फिकट पिवळं दिसेपर्यंत परत तेच. डबी रिकामी ठेवून पेडल मारलासा तर हवा शिरली, मग ब्लीडिंग (हवा बाहेर काढणं) आलंच. डॉट ५ सिलिकॉनचं, चुकूनपण मिसळू नका. बॉडीवर सांडलं तर लगेच पाणी ओता, पेंट खातंय. पातळीच उतरायली असेल तर मात्र क्लचचा सिलिंडर गळतोय, मेस्त्रीकडं न्या.