‘आभार कसले मानतेस?’

प्रश्न : माझं माहेर म्हणजे मी आणि आई, दोघीच. लग्नाच्या सहा महिने आधी आई गेली. सासरी चुलत-मावस धरून तीसेक माणसं. गेल्या वर्षी माझं ऑपरेशन झालं, तेव्हा मोठ्या जाऊबाई तीन रात्री दवाखान्यात थांबल्या. मध्यरात्री जाग आली की त्यांचा हात माझ्या पायावर असायचा. आत्येसासूबाईंनी मुलीला सांभाळलं, तिची शाळा एक दिवसही बुडू दिली नाही. आभार मानायला गेलं की सगळे रागावतात, “परकी आहेस का तू?” म्हणतात. मनातलं मनातच राहतं. शिवाय ही माणसं इतकी आपली वाटू लागलीत, की मी आईला विसरतेय की काय, अशी टोचणी लागते. काय करू?

उत्तर : त्यांचा राग मला पटतो. ‘आभारी आहे’ म्हटलं की हिशेब मिटवल्यासारखा वाटतो, आणि त्यांना तो मिटवायचाच नाही. म्हणून आभार मानू नका, आठवण सांगा. तुम्ही मला लिहिलंत ते पायावरच्या हाताचं वाक्य जाऊबाईंना सांगितलंत का? तेच सांगा. सगळ्यांसमोर नको, त्या एकट्या असताना. बोलवत नसेल तर लिहून द्या.

हे मी अनुभवाने सांगतेय. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. लग्नानंतर घरातली सगळी पहिल्यांदा जमली तेव्हा मी पार गोंधळून गेले होते. चुलत सासऱ्यांनी ते हेरलं. त्यानंतर बैठक कुठेही असो, डावीकडची भिंतीलगतची जागा ते माझ्यासाठी धरून ठेवायचे, म्हणजे बोलणारी सगळी माझ्या उजव्या हाताला यायची. त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. मीही १९ वर्षं गप्प राहिले. उगाच अवघडतील, असं वाटायचं.

२०१८ मध्ये अमित कुमार आणि निकोलस एप्ली या अभ्यासकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली होती. लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा वाचणाऱ्यांना आनंद जास्त झाला आणि संकोच कमी वाटला. ते वाचलं आणि त्याच आठवड्यात मी काकांना पत्र लिहिलं.

आता आईबद्दल. या तीस माणसांपैकी किती जणांनी तिला पाहिलंय? बहुधा कुणीच नाही. तिचा फोटो आत्येसासूबाईंना दाखवा. ती कशी हसायची, कशावरून चिडायची, सगळं सांगा. तुमच्या मुलीलाही तिथे बसवा. आई एकट्या तुमच्याच आठवणीत आहे, म्हणून तुम्हाला विसरण्याची एवढी धास्ती वाटते.

काकांनी माझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. पुढच्या वेळी गेले तेव्हा जागा नेहमीसारखी धरलेली होती. या वेळी मात्र त्यांनी तिच्यावर हात थोपटून मोठ्यानं हाक मारली, “ये गं, ही तुझी जागा.”