रेफर लिहिण्याआधी

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. वैद्यकीय अधीक्षक म्हणून रुजू झालीस, फार आनंद झाला. ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय दोन तासांवर, भूलतज्ज्ञाचं पद रिकामं आणि रात्रपाळीला बंधपत्रित (सक्तीची सरकारी सेवा करणारा) एमबीबीएस डॉक्टर. तू विचारलंस, "मॅडम, सुरुवात कुठून करू?" हजेरी, स्वच्छता, इमारतीची गळती हे सगळं तुला करावंच लागेल, आणि ते सांगणारे पुष्कळ भेटतील. मी म्हणेन, आधी संदर्भित, म्हणजे पुढच्या रुग्णालयात पाठवलेल्या, रुग्णांचं रजिस्टर उघड. मागच्या वर्षाची पानं घेऊन शांतपणे बस. रुग्ण किती वाजता आला, किती वाजता १०८ च्या रुग्णवाहिकेत चढला आणि मधल्या वेळात त्याला काय दिलं, एवढंच बघ. तुझ्याकडे निर्णय कोण घेतं आणि कोण टाळतं, हे त्या पानांवर जितकं स्वच्छ दिसेल तितकं कुठल्याही आढावा बैठकीत दिसणार नाही.

सर्पदंशाच्या नोंदी पहिल्यांदा काढ. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यांतली, निम्म्याच्या आसपास पावसाळ्यातली. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. तो आराखडा खरा होणार की कागदावर राहणार, हे तुझ्यासारख्या रुग्णालयांतल्या रात्रींवर ठरणार आहे.

ती रात्र कशी असते, तुला माहीत आहे. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो. अंगावर खूण दिसत नाही, सूज नाही. पापण्या मात्र मिटत चालल्यात, गिळता येत नाही. मण्यार. किंवा संध्याकाळी शेतात घोणस चावलेली बाई. पाय टम्म सुजलाय, हिरड्यांतून रक्त येतंय. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने प्रतिसर्पविषाच्या (सापाच्या विषावरच्या औषधाच्या) रिॲक्शनबद्दल वाचलंय, स्वतः ते कधी दिलेलं नाही. बाहेर तीस नातेवाईक उभे. तो केसपेपरवर लिहितो: 'रेफर टू डीएच', म्हणजे जिल्हा रुग्णालयात पाठवा. आणि औषध दहा पावलांवरच्या कपाटात पडून असताना रुग्ण दोन तासांच्या रस्त्याला लागतो.

तो मुलगा वाईट डॉक्टर नाही. त्याने हिशोब केलाय. इथे रिॲक्शन येऊन काही झालं तर जमाव, पोलीस, वर्तमानपत्र, चौकशी, सगळं त्याच्या एकट्याच्या अंगावर. रस्त्यात काही झालं तर त्याला कोणी विचारणार नाही. हा हिशोब असाच राहिला तर कितीही प्रशिक्षणं घे, उपयोग शून्य. हा हिशोब बदलणं हे अधीक्षकाचं काम आहे आणि तुझ्याशिवाय ते दुसरं कोणी करू शकत नाही.

म्हणून तुझ्या सहीची एक पानाची लेखी सूचना काढ आणि कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लाव. विष चढल्याची लक्षणं दिसली की प्रतिसर्पविषाच्या पहिल्या दहा कुप्या इथेच सुरू करायच्या, मगच पाठवायचं. टेस्ट डोस नाही. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकाच डोस, कारण सापाने विष वय बघून सोडलेलं नसतं. रिॲक्शन आलीच तर द्यायचं ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवायचं. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी सिस्टरने करायची, डॉक्टरची वाट न बघता. (ती नळी काचेची, स्वच्छ आणि कोरडीच हवी. प्लास्टिकच्या नळीत ही चाचणी फसवते. पुरवठ्यात प्लास्टिकच्याच नळ्या आल्या असतील तर रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून काचेच्या घे. रक्कम किरकोळ आहे; पण हे कुणीतरी बघायला हवं असतं आणि ते कुणीतरी तू आहेस.) आणि सर्वांत खाली लिही: 'या सूचनेप्रमाणे केलेल्या उपचारांची प्रशासकीय जबाबदारी अधीक्षकांची राहील.'

त्या शेवटच्या ओळीची परीक्षा लवकरच होईल. कुणाला तरी रिॲक्शन येईलच. त्या वेळी तू स्वतः ये. नातेवाइकांशी तू बोल, वरिष्ठांना अहवाल तुझ्या नावाने पाठव. सगळं रुग्णालय तेव्हा तुझ्याकडे बघत असतं: शिपाई, लॅब टेक्निशियन, १०८ चा ड्रायव्हरसुद्धा. तू त्या मुलाच्या शेजारी उभी राहिलीस तर पुढच्या रात्री दुसरा डॉक्टर कुपी फोडेल. त्याला एकट्याला पुढे केलंस, तर भिंतीवरचा कागद त्याच दिवशी मेला.

याचा अर्थ कुणाला पाठवायचंच नाही, असा अजिबात घेऊ नकोस. भूलतज्ज्ञ नसताना अडलेली बाई इथे धरून ठेवणं हा निव्वळ हट्ट आहे, तिला क्षणाचाही उशीर न करता हलव. पण पाठवणं हासुद्धा उपचाराचाच भाग आहे. मण्यार चावलेल्याला कुप्या सुरू केल्या तरी वाटेत त्याचा श्वास थांबू शकतो. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि ती चालवू शकणारा माणूस गाडीत हवाच. प्रसूतीनंतर रक्त जातंय तर ऑक्सिटोसिन सुरू, रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड तीन तासांच्या आत दिलेलं, दोन सलाईनच्या लाईन्स घेतलेल्या, आणि चिठ्ठीवर प्रत्येक औषधापुढे वेळ लिहिलेली, अशी ती निघाली पाहिजे. पुढच्या रुग्णालयात फोन आधी जायला हवा. तो फोन डॉक्टरने डॉक्टरला करायचा.

आता सिस्टरांविषयी. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर आयसीयूंनी मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून होणारा जंतुसंसर्ग रोखण्यासाठी पाच साध्या पायऱ्या ठरवल्या. पाचही प्रत्येक डॉक्टरला माहीत होत्या. नवीन होतं ते इतकंच, की पायरी चुकली तर नर्सने डॉक्टरला थांबवायचं आणि प्रशासनाने नर्सच्या बाजूने उभं राहायचं. २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा तीन महिन्यांतच निम्म्याहून जास्त आयसीयूंमध्ये असा संसर्ग शून्यावर आलेला होता. आपल्याकडे वीस वर्षं प्रसूतिगृहात काढलेली सिस्टर काल आलेल्या डॉक्टरला 'सर' म्हणते आणि गप्प राहते. तिला दिसलेलं असतं. ती बोलत नाही, कारण पूर्वी कधीतरी बोलली तेव्हा तिलाच ऐकून घ्यावं लागलं. राउंडला प्रत्येक खाटेपाशी आधी सिस्टरला विचार, "तुम्हाला काय वाटतं?" आणि उत्तर येईपर्यंत थांब. पहिले काही दिवस ती "ठीक आहे मॅडम" एवढंच म्हणेल. तरी विचारत राहा.

छोट्या जागी मोठे निर्णय होत नाहीत, असं तुझ्या पत्रात कुठेतरी वाटलं. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या खाटेशी बसून नोंदी केल्या, पुढे प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला, आणि कोकणातली कितीतरी मुलं वाचली. नंदुरबारमध्ये जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी सप्टेंबर २०२० मध्ये, कोरोनाची पहिली लाट ओसरत असताना, ऑक्सिजनचा पहिला प्लांट उभा केला. सगळे सुस्कारा टाकत होते तेव्हा केलेला तो खर्च एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, जिल्ह्याच्या कामी आला. संकटातल्या धावपळीचं कौतुक फार होतं. मला आदर वाटतो तो शांत महिन्यात खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्याचा.

मृत्यू झाला की अन्वेषणाची, म्हणजे तो का झाला हे तपासण्याची, बैठक घ्यावी लागेल. तिथे पहिला प्रश्न 'कोणाची चूक?' असा आला की पुढची सगळी उत्तरं खोटी येतात, नोंदीसुद्धा नंतर भरल्या जातात. केरळमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून मातामृत्यूंचा गोपनीय आढावा सुरू केला. रुग्णालयाचं नाव नाही, डॉक्टरचं नाव नाही, फक्त काय घडलं आणि कुठे वेळ गेला. तुझ्या बैठकीत नावं झाकता येणार नाहीत, सगळे एकमेकांना ओळखतात. निदान घड्याळाच्या क्रमाने घटना मांड आणि सर्वांत कनिष्ठ माणसाला आधी बोलू दे. हेतुपुरस्सर केलेला हलगर्जीपणा किंवा ड्युटी सोडून जाणं ही वेगळी गोष्ट. तिथे कारवाई कर आणि डळमळू नकोस. पण ती त्या बैठकीत करू नकोस.

जून जवळ आलाय. या आठवड्यात एका रात्री दोन वाजता न कळवता कॅज्युअल्टीत जा आणि ड्युटीवरच्या सिस्टरला दोनच गोष्टी विचार: प्रतिसर्पविषाच्या कुप्या किती आहेत, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे? किल्ली औषध निर्माण अधिकाऱ्याच्या घरी असेल तर रागावू नकोस. सकाळ व्हायच्या आत वीस कुप्या कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये आणून ठेव, रजिस्टरला नोंद कर, आणि मला फोन कर.

तुझी,
मॅडम